घोडा पडतो पण गोळी सुटत नाही: जुन्या पॉइंट टू टू टार्गेट रिव्हॉल्व्हरचं वारंवार होणारं मिसफायर

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडचा प्रॉब्लेम यातलाच आहे का ते बघा, कारण सगळ्या मिसफायरचा इलाज एक नसतो.

ट्रिगर दाबला, हॅमर (म्हणजे घोडा) पडला, नुसता "टक" आवाज. तोच राउंड (काडतूस) सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) फिरून परत हॅमरखाली आला की दुसऱ्या ठोक्याला सुटतो. हे सगळ्यात कॉमन.

सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे हॅमर अंगठ्याने मागे ओढून मारलं तर सहाच्या सहा सुटतात, पण डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसत्या ट्रिगरने हॅमर मागे नेऊन सोडला तर, सहातले एक-दोन अडतात.

मिसफायर नेहमी त्याच एका-दोन चेंबरमध्ये (सिलिंडरमधली एकेका राउंडची जागा) होतो, बाकीचे बिनतक्रार चालतात.

घरी साफ करून नेलं की राउंडचा पहिला डबा मस्त जातो, दुसऱ्या डब्यापासून रडगाणं सुरू, आणि त्याच वेळी राउंड आत घालताना शेवटी अंगठ्याने दाबावं लागतं, सिलिंडर जड फिरतो, रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) काढायला सिलिंडरच्या पुढच्या रॉडवर तळहाताने जोर लावावा लागतो.

मी इथे अमेरिकेत, ओहायोत, ही जुनी .२२ टार्गेट रिव्हॉल्व्हर्स जमवतो आणि वापरतोही. जास्त करून स्मिथ अँड वेसनची के-२२, म्हणजे १९३१ चं आउटडोअर्समन आणि युद्धानंतर १९४६ पासूनचं मास्टरपीस, ज्याला १९५७ पासून मॉडेल १७ म्हणायला लागले, आणि सोबत कोल्टची ऑफिसर्स मॉडेल. रेंजवर कोणाचं जुनं .२२ अडलं की माझ्याकडे येतं, त्यामुळे हा एकच बिघाड परत परत बघितलाय आणि दुरुस्त केलाय. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बहुतेक वेळा स्प्रिंगचा काही दोष नसतो, दोष असतो घाणीचा. तरी लोक पहिलं काय करतात तर स्प्रिंग बदलतात, स्क्रू पिळतात, साइडप्लेट (बाजूचं झाकण) उघडायला जातात आणि सत्तर-ऐंशी वर्षं नीट राहिलेल्या वस्तूवर ओरखडे पाडतात. तो ओरखडा परत भरून निघत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा, फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर.

आधी दोन मिनिटं सुरक्षिततेसाठी

राउंड सुटला नाही तर लगेच सिलिंडर उघडू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा आणि ३० सेकंद थांबा. क्वचित राउंड उशिराने पेटतो, आणि सिलिंडर बाहेर काढलेल्या अवस्थेत पेटला तर पुंगळी फाटून पितळेचे तुकडे उडतात. लगेच परत ट्रिगर दाबायचा मोह तर अजिबात नको, कारण मग तो अडलेला राउंड नळीसमोरून बाजूला सरकतो आणि उशिरा पेटला तर गोळीला जायला वाटच नसते. डोळ्यावर चष्मा हवाच. आवाज जर नेहमीपेक्षा बारीक, "फुस्स" असा आला, तर तिथेच थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी मारली की नळी फुगते आणि मग ती नळी गेलीच समजा.

घरी तपासणी करताना राउंड त्या खोलीतच नकोत. सहाही चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, मग पुढचं.

हे का होतं, ते थोडक्यात

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमर असतो, .२२ मध्ये तो नसतो. पेटणारा मसाला पुंगळीच्या काठात, म्हणजे रिममध्ये आतून पसरलेला असतो. फायरिंग पिन येऊन त्या रिमवर आदळते आणि रिम चिरडली जाते पिन आणि चेंबरची कड यांच्यामध्ये. ती कड म्हणजे ऐरण, पिन म्हणजे हातोडा. आता हातोडा कितीही जोरात मारा, वस्तू ऐरणीवर टेकलेलीच नसेल तर तो जोर वस्तू पुढे सरकवण्यातच जातो. पहिला ठोका राउंडला आत बसवतो आणि दुसरा ठोका त्याला पेटवतो, दुसऱ्या वेळी का सुटतो याचं उत्तर हेच.

म्हणजे तीनच गोष्टी बघायच्या. रिममध्ये मसाला नीट आहे का, रिम कडेला घट्ट टेकली आहे का, आणि ठोका पुरेसा आहे का. क्रमही हाच.

१. राउंड बदलून बघा

सगळ्यात स्वस्त. स्वस्तातल्या मोठ्या डब्यांमध्ये रिममधला मसाला कधीकधी सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे पिन नेमकी कोरड्या जागी पडली की टक. अडलेला राउंड (३० सेकंदांनंतर) काढा आणि रिमवरची खूण बघा. खूण खोल आणि स्पष्ट असेल तर ठोका चांगला बसलाय, दोष राउंडचा. खूण उथळ, पुसट असेल तर दोष रिव्हॉल्व्हरचा. ही एक सवय लावून घ्या, निम्मं निदान तिथेच होतं.

मग दोन वेगळ्या कंपन्यांचे चांगले स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे (साध्या वेगाचे) राउंड आणा, प्रत्येकी एक ५० चा डबा पुरे. मी तपासणीसाठी सीसीआय कंपनीचे स्टँडर्ड वापरतो, मला त्यांच्यावर भरवसा आहे. दोन्ही डब्यांमध्ये मिसफायर तसाच राहिला तर राउंडला दोष देणं बंद करा.

जुन्या रिव्हॉल्व्हरबरोबर कोणी जुने राउंडचे डबेही दिले असतील तर ते मारू नका. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रायमरचा मसाला गंज आणणारा होता, तो नळीत गेला आणि त्याच दिवशी साफ झाला नाही तर आतून खड्डे पडतात. शिवाय भरलेला जुना डबा हा स्वतःच जमवण्यासारखा असतो.

२. कोणतं चेंबर, ते शोधा

हे तर फुकटच. सिलिंडरवर मास्किंग टेपचे छोटे तुकडे लावून १ ते ६ नंबर टाका (जुन्या ब्लूइंगवर, म्हणजे लोखंडावरच्या निळसर-काळ्या संरक्षक थरावर, चिकटपट्टी म्हणजे कागदी मास्किंग टेपच, आणि काम झालं की लगेच काढा). एका कागदावर सहा रकाने पाडा आणि प्रत्येक मिसफायर कुठल्या चेंबरला झाला, सिंगलमध्ये की डबलमध्ये, ते लिहीत जा.

नेहमी एकच चेंबर असेल तर त्या चेंबरची कड किंवा घाण. कुठेही, कधीही होत असेल आणि फक्त डबल ॲक्शनमध्येच, तर ठोका कमजोर, कारण डबलमध्ये हॅमर सिंगलइतका मागे जात नाही, थोडा आधीच सुटतो, म्हणून जोर कमी मिळतो. दोन्हीत होत असेल आणि दुसऱ्या डब्यानंतरच सुरू होत असेल तर घाण, डोळे मिटून सांगतो.

३. साफसफाई, पण योग्य जागी

इथे जरा वेळ घेतो, कारण बहुतेक दुरुस्त्या इथेच संपतात.

.२२ लाँग रायफल, म्हणजे या रिव्हॉल्व्हर्समध्ये चालणारं काडतूस, त्याची गोळी जुन्या पद्धतीची आहे, १८८७ पासून जवळपास तीच. गोळीचा बाहेरचा व्यास आणि पुंगळीचा व्यास सारखाच असतो, म्हणून गोळीवरचं मेण-ग्रीस पुंगळीच्या आत न राहता उघड्यावर असतं. ते चेंबरमध्ये घासतं, त्याला काजळी चिकटते, शिशाचा भुगा चिकटतो, गरम होतं, थंड होतं आणि चेंबरच्या आत दगडासारखा थर बसतो. नुसता पॅच (कापडाचा तुकडा) फिरवून तो निघत नाही.

हा थर तीन ठिकाणी बसतो आणि लोक साफ करतात चौथीच जागा, म्हणजे नळी. नळी चमकतेय म्हणून रिव्हॉल्व्हर साफ आहे असं समजतात. .२२ ची नळी खरं तर सगळ्यात शेवटी तक्रार करते.

पहिली जागा, चेंबरच्या आतली कडी. कोणी या रिव्हॉल्व्हरमधून .२२ शॉर्ट (त्याच जाडीचे पण आखूड राउंड) मारले असतील (आणि जुन्या मालकांनी मारलेच असतात, स्वस्त असायचे) तर शॉर्टची पुंगळी जिथे संपते तिथे पुढे काजळीची आणि शिशाची एक गोल कडी तयार होते. मग लाँग रायफलची लांब पुंगळी त्या कडीला जाऊन अडते, राउंड पूर्ण आत बसत नाही, रिम केसभर बाहेर राहते. केसभरच पुरतं. या राउंडची रिमच जेमतेम ०.०४३ इंच जाड, त्यात थोडी फट पडली तरी ठोका वाया जातो. इलाज म्हणजे ब्राँझचा .२२ चा चेंबर ब्रश (नळीच्या ब्रशपेक्षा जरासा जाड येतो), सॉल्व्हेंटमध्ये (घाण विरघळवणाऱ्या द्रवात) बुडवून प्रत्येक चेंबरमध्ये मागून घालायचा, आरपार न्यायचा, परत आणायचा, गोल फिरवायचा. मग सॉल्व्हेंट लावून रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी परत ब्रश. हॉपीज नंबर नाइन हे सॉल्व्हेंट १९०३ पासून आहे आणि ब्लू केलेल्या लोखंडाला चांगलं चालतं. निकेल प्लेटिंगवर मात्र अमोनिया असलेलं सॉल्व्हेंट रात्रभर ठेवू नका, प्लेटिंग सुटून येतं.

स्टीलचा ब्रश नको, ड्रिल मशीनला ब्रश लावून घुसळणं तर नकोच नको. चेंबर एकदा मोठं झालं की पुंगळ्या फुगायला लागतात आणि ते परत छोटं करता येत नाही.

दुसरी जागा, रिम बसण्याची खाच. १९३० च्या आसपास हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाचे) .२२ राउंड आले तेव्हा रिम फाटायचा धोका वाढला, म्हणून त्या दशकात कंपन्यांनी चेंबरच्या मागच्या तोंडाला खोलगट खाच द्यायला सुरुवात केली, रिम त्यात पूर्ण बुडते आणि चारी बाजूंनी धातूचं संरक्षण मिळतं. काम उत्तम, पण त्या खाचेच्या कोपऱ्यात काजळी दाबून बसते आणि राउंड मागे उचलला जातो. सिलिंडर जड फिरायला लागला की समजा राउंडची बुडं मागच्या प्लेटला घासतायत. टोकदार लाकडी काडी, टूथपिक किंवा बांबूची काडी घ्या, सॉल्व्हेंटमध्ये भिजवून कोपरा उकरा. धातूची सुई वापरू नका, ओरखडा पडला की पुढच्या वेळी घाण त्यातच धरून बसते. (जाता जाता, ज्यांच्याकडे त्याच्याही आधीचं, खाच नसलेलं रिव्हॉल्व्हर आहे, उदाहरणार्थ १९११ पासूनचं स्मिथचं २२/३२ हेवी फ्रेम टार्गेट, त्यांनी हाय व्हेलॉसिटी राउंड वापरूच नयेत, फक्त स्टँडर्ड.)

तिसरी जागा, आणि हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखालची. सिलिंडर बाहेर काढून रॉड दाबला की मागे जी चांदणी उचलली जाते तिच्या खाली न जळलेल्या दारूचे कण जाऊन बसतात. एक कण अडकला तरी चांदणी पूर्ण खाली बसत नाही, आणि रिमच्या खाचेचा काही भाग या चांदणीतच असतो, म्हणजे राउंडपण वर राहतो. रॉड दाबून धरा, जुन्या टूथब्रशने चांदणीची खालची बाजू आणि सिलिंडरमधली तिची बैठक दोन्ही घासा, कोरडं पुसा, तिथे तेल घालू नका. तेल म्हणजे पुढच्या कणाला आमंत्रण.

आणि सवय बदला. पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे, रॉड एका दमात आणि पूर्ण दाबायचा. नळी खाली धरून हळूहळू दाबला की सगळे कण थेट चांदणीखाली पडतात. बिघाड परत परत का येतो, याचं निम्मं उत्तर या सवयीत आहे. उरलेलं निम्मं म्हणजे मध्येच ब्रश न करणं. प्रत्येक डब्यानंतर रेंजवरच, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून, कोरडा ब्रश एकदा सहाही चेंबरमधून आणि टूथब्रश चांदणीखालून, दोन मिनिटांचं काम.

जमवणाऱ्यांसाठी एक सावधानतेची सूचना. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर जो काळा-करडा थर बसतो तो घालवायला एक रसायन लावलेलं पिवळं फडकं मिळतं, शिसं काढतं ते आणि सोबत ब्लूइंगही काढतं. स्टेनलेसला चालेल, १९३०-४० च्या ब्लूइंगला हातही लावू देऊ नका. तो पुढचा थर मिसफायरला कारण नसतो, राहू द्या त्याला.

साफ झाल्यावर चाचणी रेंजवर करा. सिलिंडर बाहेर उघडा, नळी टार्गेटच्या दिशेने जरा खाली, राउंड चेंबरमध्ये सोडा. तो स्वतःच्या वजनाने जाऊन "टिक" करून बसायला हवा, सहाच्या सहा सारखे, कोणीही वर डोकावत नाही. बसले, तर मारून बघा, आणि बहुधा इथून पुढचं वाचायची गरजही पडणार नाही.

४. चेंबरच्या कडेला मार लागलाय का

एकाच चेंबरमध्ये मिसफायर असेल आणि ते चकाचक साफ असेल, तर भिंग आणि टॉर्च घ्या. फायरिंग पिन जिथे पडते तिथे चेंबरच्या कडेला छोटा खड्डा दिसतोय का? रिकामं .२२ रिव्हॉल्व्हर टकटक चालवलं की पिनला रिम मिळत नाही आणि ती थेट सिलिंडरच्या कडेवर आदळू शकते. काही मॉडेलमध्ये पिन तितकी पुढे येत नाही, पण जुन्या, झिजलेल्या, कोणीतरी "सुधारलेल्या" तुकड्याचा भरवसा धरू नका. खड्डा पडला की दोन नुकसान, एक तर धातू आत सरकून राउंड आणि पुंगळी अडते (रिकाम्या पुंगळीवर उभा ओरखडा दिसेल), दुसरं म्हणजे नेमकी ठोका पडतो तिथेच रिमला आधार नाही.

हे दुरुस्त होतं. गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) चेंबर आयर्न म्हणून एक कडक, निमुळती सळई असते, ती आत घालून सरकलेला धातू परत बाहेर दाबतात, काहीच कापावं लागत नाही. पण ज्याने हे आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. कानस किंवा सँडपेपर लावलात तर कड कायमची जाते.

सराव करायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायचे छोटे पिवळे प्लास्टिकचे अँकर मिळतात, ते .२२ च्या चेंबरमध्ये बरोबर बसतात आणि पिनचा मार खातात. काही पैशांत सिलिंडर वाचतो. गन शोमध्ये दुसऱ्याच्या टेबलावरचं रिव्हॉल्व्हर विचारल्याशिवाय रिकामं चालवायचं नाही हा शिष्टाचार आहे, .२२ च्या बाबतीत तो पाळलाच पाहिजे.

५. स्ट्रेन स्क्रू

आता ठोक्याकडे येऊ. स्मिथच्या के फ्रेममध्ये (के-२२ ज्या सांगाड्यावर बांधलंय तो) मुख्य स्प्रिंग सपाट पट्टीची असते आणि मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या टोकाजवळ एक स्क्रू असतो जो या पट्टीला दाबून ताण देतो. हा स्क्रू पूर्ण घट्ट असायला हवा. ट्रिगर हलका लागावा म्हणून लोक तो अर्धा फेरा सैल करतात, कधी आपोआप सैल होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणीतरी त्याचं टोक घासून आखूड केलेलं असतं. मोठ्या काडतुसाचा प्रायमर त्यातही फुटतो पण .२२ ची रिम चिरडायला जास्त जोर लागतो, म्हणून .२२ मध्ये ही हौस लगेच उघडी पडते.

मुठीचे लाकडी तुकडे काढा. जपून, खालून उचकटू नका, स्क्रू थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हलकं टकटक करा म्हणजे पलीकडचा तुकडा सुटतो. जुन्या स्मिथमध्ये उजव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला सिरियल नंबर असतो, फ्रेमवरच्या नंबरशी जुळतो का तेही बघून घ्या, जुळणारी मूठ म्हणजे किंमत. मग स्ट्रेन स्क्रू घट्ट करा. स्क्रूड्रायव्हर मात्र गनस्मिथचा, सरळ पात्याचा आणि खाचेत पूर्ण बसणारा. घरातला निमुळता स्क्रूड्रायव्हर खाचेच्या कडा खातो, आणि विकत घेणारा पहिलं काय बघतो तर असे चावलेले स्क्रू.

घट्ट करून प्रॉब्लेम गेला तर झालं. आधीच घट्ट असेल आणि तरी ठोका उथळ, तर स्क्रू आखूड केलाय का किंवा कोणी हलकी स्प्रिंग टाकलीय का बघा. नवीन स्क्रू आणि फॅक्टरी ताकदीची स्प्रिंग दोन्ही फार महाग नसतात. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून रिव्हॉल्व्हरबरोबरच ठेवा, फेकू नका.

कोल्टवाल्यांना हे लागू नाही. ऑफिसर्स मॉडेलमध्ये इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग असते आणि तिचा ताण कमी-जास्त करायला असा स्क्रूच नसतो. ती स्प्रिंग वाकवून "ताकद वाढवायचे" प्रयोग करू नका, तुटते, आणि तिच्याबरोबर जुन्या कोल्टचं टायमिंगही (चेंबर नेमक्या वेळी नळीसमोर येणं) बिघडवून बसाल. कोल्टमध्ये ठोका कमजोर वाटला तर सरळ गनस्मिथ.

६. फायरिंग पिन

के-२२ मास्टरपीसमध्ये पिन हॅमरला नसते, फ्रेममध्ये असते आणि तिला स्वतःची छोटी स्प्रिंग असते. रिव्हॉल्व्हर रिकामं, हॅमर मागे ओढलेला, लाकडी काडीने पिन मागून दाबा. ती झटकन पुढे जाऊन झटकन परत यायला हवी. आळसावत, चिकट येत असेल तर पिनच्या भोकात जुनं तेल गोंदासारखं झालंय. इथे ओहायोच्या थंडीत हे फार होतं, घरात चालतं आणि उघड्या रेंजवर अडतं. दोन-तीन थेंब सॉल्व्हेंट, काडीने पुढे-मागे, नळी खाली करून निथळू द्या, परत एकदा, मग कोरडं. तेल लावायचंच तर अगदी पुसटसं.

पिनचं टोक भिंगाने बघा. तुटलेलं, गोल झालेलं, एका बाजूला झिजलेलं असेल तर बदलावं लागेल, आणि ते घरचं काम नाही.

७. सिलिंडर पुढे-मागे हलतोय का

रिकामं रिव्हॉल्व्हर, सिलिंडर बंद. सिलिंडर पुढे ढकला, मागे ओढा. हाताला स्पष्ट "कट्-कट्" लागलं तर ठोका बसताना पूर्ण सिलिंडरच पुढे सरकतोय आणि जोर गिळतोय. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर सिलिंडर पुढे दाबून आणि मागे ओढून, दोन्ही वेळा नळी आणि सिलिंडरमधली फट मोजा. दोन मापांतला फरक तीन-चार थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त असेल तर दुरुस्ती हवी. ती पातळ वॉशर टाकून होते किंवा सिलिंडर ज्या हातावर फिरतो त्याची नळी ताणून होते, दोन्ही कामं गनस्मिथची.

सिलिंडर उघडतच नाही किंवा अडकून उघडतो अशी तक्रार सोबत असेल तर रॉड सैल झालाय का बघा. १९५९ च्या सुमारापर्यंतच्या स्मिथमध्ये रॉडला सरळ आटे होते आणि सिलिंडर फिरता फिरता तो सुटत जायचा, नंतर कंपनीने उलटे आटे दिले. घट्ट करण्याआधी तुमचं कुठलं ते नक्की करा आणि चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या घालूनच पिळा, नाहीतर चांदणीच्या बारीक पिनांवर सगळा ताण येतो.

इथे थांबा

साइडप्लेट उघडायची वेळ आली की थांबा. ती प्लेट इतकी घट्ट जुळवलेली असते की स्क्रूड्रायव्हरने उचकटली की तिची कड कायमची वर राहते. पिन बदलणं, पिनचं बुशिंग (पिनच्या भोकातली कडी), कडेचा खड्डा, सिलिंडरची ढिलाई, सगळं गनस्मिथकडे. गोळी मारताना बाजूला शिशाचे कण उडतायत, म्हणजे चेंबर आणि नळी एका रेषेत येत नाहीयेत, तर मारणंच बंद करा. सिलिंडरमध्ये किंवा नळीच्या मुळाशी तडा, नळीत फुगवटा, पुंगळीची रिम फाटलेली, यातलं काहीही दिसलं तर एकही राउंड नाही.

गनस्मिथ निवडताना विचारा की जुनी स्मिथ किंवा कोल्ट उघडलीयत का. "पॉलिश करून नवीन ब्लूइंग मारून देतो" असं स्वतःहून म्हणणाऱ्याकडून परत या. आणि अमेरिकेतल्यांनी हेही लक्षात ठेवा, ५० वर्षं झालेल्या हत्याराला क्युरिओ अँड रेलिकचा, म्हणजे जमवण्याजोग्या जुन्या हत्याराचा, दर्जा मूळ स्थितीत असेल तरच मिळतो, कापाकापी केलीत तर किंमतीबरोबर तोही जाऊ शकतो.

भारतातल्या मंडळींसाठी, .२२ म्हटलं की आपल्याला कोल्हापूर आठवतं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं ते याच .२२ लाँग रायफलवर. रिममध्ये मसाला आणि कडेची ऐरण हा हिशेब पिस्तुलातही तोच आहे, साफसफाईचा भाग तसाच वापरता येईल. दुरुस्ती मात्र लायसन्सधारक दुकानातच, १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका.

गनस्मिथकडे जाताना हे बरोबर न्या: चेंबरनिहाय नोंदीचा तो कागद, अडलेल्या राउंडच्या रिमवरच्या खुणांचे जवळून काढलेले फोटो, सहा रिकाम्या पुंगळ्या कुठल्या चेंबरच्या ते लिहून, आणि काढून ठेवलेले मूळ स्क्रू-स्प्रिंग. एवढं हातात असलं की त्याला शोधत बसावं लागत नाही आणि तुमचं रिव्हॉल्व्हर विनाकारण पूर्ण उघडलं जात नाही.